माझा बर्फ, माझी मर्जी

"ह्या सात जणींना आजपासून बर्फ द्यायचा नाही," भास्करराव म्हणाले आणि त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली.

सकाळचे सात वाजले होते. मी ब्राइन टँकच्या फळ्यांवर उभा होतो. पहिल्या सहा लाद्या नुकत्याच बाहेर काढल्या होत्या आणि त्यांच्यावरून वाफ उठत होती. चिठ्ठीवरची सातही नावं धाकट्या डहाणूच्या मासेवाल्यांची. पहिलंच नाव जमनाबायचं.

"पैसे थकलेत का त्यांचे?" मी विचारलं.

"नाही. रोख देतात."

"मग?"

"मग काही नाही. कारखाना माझा, बर्फ माझा. कुणाला विकायचा ते मी ठरवणार."

एवढं बोलून ते ऑफिसात गेले.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी डहाणूच्या ह्या बर्फाच्या कारखान्यात हेड मेकॅनिक होतो. हेड म्हणायचं, पण मेकॅनिक मी एकटाच. मूळ पनवेलचा. मुंबईच्या गोदीजवळ एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम शिकलो आणि लग्नानंतर बायकोला घेऊन इकडे आलो. कारखान्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला होत्या. गावात सगळे मला मिस्त्री म्हणत. सदाशिव म्हणणारे फक्त भास्करराव.

बर्फ कसा होतो ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. अमोनिया नावाचा वायू असतो. तो कॉम्प्रेसरमध्ये दाबायचा, पाण्याने थंड करून त्याचा द्रव करायचा आणि मग नळ्यांमधून मोकळा सोडायचा. मोकळा होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. ह्या नळ्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या असतात. मिठाचं पाणी लवकर गोठत नाही, म्हणून ते नुसतंच भयंकर गार होतं. हेच ब्राइन. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडायचे. एक दिवस गेला की डब्यात लादी तयार. आमचा कॉम्प्रेसर डिझेल इंजिनाच्या पट्ट्यावर चालायचा. त्याचा आवाज बदलला तर मला जेवताना घास हातात असतानाही कळायचं.

आसपास दुसरा कारखाना नव्हता. म्हणून ती चिठ्ठी साधी नव्हती.

होड्या भरतीबरोबर खाडीत शिरत. भरती काही रेल्वेचं टाइमटेबल बघून येत नाही. मासळी कधी सकाळी उतरायची, कधी भर दुपारी. उतरली की तिला घड्याळ लागलं. दुपारी सोन्यासारखा असलेला दाढा, रावसाच्या जातीतला मोठा मासा, संध्याकाळी मऊ पडतो. दुसऱ्या दिवशी तो फेकायचा किंवा खारवायचा. म्हणून किनाऱ्यावर व्यापारी जो भाव म्हणेल त्याला बाया हो म्हणत. व्यापारी एकच होता, विश्वनाथ. भास्कररावांच्या बायकोचा सख्खा भाऊ. तो उशिरा यायचा. मुद्दाम. ऊन चढू द्यायचा आणि मग सावकाश टोपलीत बोट घालून बघायचा.

जमनाबाय पन्नाशीची. नवरा आणि दोन मुलगे समुद्रावर, विकणं सगळं तिच्याकडे. तिची बहीण मुंबईत मासळीबाजारात बसायची. जमनाबायने दोन महिन्यांपूर्वी एक नवीनच गोष्ट सुरू केली होती. ती आमच्याकडून बर्फ न्यायची, पाटीत मासळीवर घालायची आणि सकाळच्या गाडीने बहिणीकडे धाडायची. तिचं बघून आणखी सहा जणी तेच करू लागल्या. आणि मग ही चिठ्ठी आली.

आता भास्कररावांबद्दल. त्यांना वाईट माणूस म्हणून ही गोष्ट संपवता आली असती तर मला सोपं गेलं असतं. तसे ते नव्हते. त्यांच्या घोलवडला चिकूच्या वाड्या होत्या. वाचन दांडगं. हा कारखाना काढायला त्यांना परमिटसाठी दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले होते. कॉम्प्रेसर पसंत केला एक आणि मंजूर झाला दुसराच. त्याचा राग त्यांच्या मनात कायम होता. दुपारी इंजिन व्यवस्थित चाललेलं असलं की ते मला ऑफिससमोर बाकावर बसवायचे आणि बोलायचे.

"सदाशिव, माणूस स्वतंत्र कधी? त्याला आपला माल, आपले हात, आपला वेळ हवा तसा वापरता येतो तेव्हा. मी काय बनवायचं, कुणाला विकायचं हे दिल्लीतला कारकून ठरवणार असेल, तर मत द्यायला मिळालं काय आणि न मिळालं काय. बाजार मोकळा, तर माणूस मोकळा."

मला ते पटायचं. अजूनही पुष्कळसं पटतं. म्हणूनच त्या चिठ्ठीने माझी पंचाईत झाली.

आठच्या सुमाराला जमनाबाय आली. तिने नेहमीप्रमाणे गोणपाट खाली अंथरला.

"एक लादी, मिस्त्री. बारीक करून द्या."

"नाही देता येत, जमनाबाय."

"मशीन बिघडलं?"

"नाही."

तिने माझ्या मागे बघितलं. सहा लाद्या ओळीने पडल्या होत्या. "त्या काय काचेच्या आहेत?"

मी तिला चिठ्ठी दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. मी नावं वाचून दाखवली. आपलं नाव ऐकल्यावर तिने फक्त मान हलवली.

"विश्वनाथशेटचं काम हे."

 तिने गोणपाट उचलला, झटकला, घडी केली. त्या दिवशी तिने सगळी मासळी विश्वनाथला दिली. त्याने काय भाव दिला ते मला दुसऱ्या बायांकडून कळलं. सांगण्यासारखा नव्हता.

घरी आलो तर मंदाला, माझ्या बायकोला, सगळं आधीच कळलं होतं. डहाणूत बातमीला गाडी लागत नाही.

"एखादी लादी मागच्या दाराने दिलीत तर कोण बघतंय?" ती म्हणाली.

"ती चोरी होईल. बर्फ त्यांचा आहे."

"आणि हे करतायत ते काय आहे?"

"ते मला अजून नीट सांगता येत नाही," मी म्हणालो. खरंच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमनाबाय आमच्या घरी आली. दारातच बसली. मंदाने चहा दिला.

"मिस्त्री, बर्फ मुंबईत पण मिळतो ना?"

"हवा तेवढा. पण तो इथं येईपर्यंत निम्मा जातो. उरतो तो दुसरा दिवस बघत नाही."

"का वितळतो?"

मी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं मी ह्या धंद्यात होतो. मशीन का थांबलं हे मला हजारदा विचारलं गेलं होतं. बर्फ का वितळतो हे कुणीच विचारलं नव्हतं.

"बाहेरची उष्णता आत शिरते म्हणून," मी सांगितलं. "शिरू दिली नाही तर वितळणार नाही. निदान लवकर नाही."

"मग शिरू देऊ नका."

तिने ते इतक्या सरळ सांगितलं की मी हसलो. पण रात्रभर तेच डोक्यात राहिलं. कोल्ड स्टोरेजच्या भिंती मी आतून पाहिल्या होत्या. दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये बुचाच्या जाड फळ्या, बाटलीला लावतात त्याच बुचाच्या. बुचाच्या फळ्या परदेशातून यायच्या, आपल्याला कुठून मिळणार? पण बुचाचं काम काय? आपल्यात हवा अडकवून ठेवणं. हवा अडकवणारं आणि फुकट मिळणारं आपल्याकडे काय आहे? भाताचं तूस. गिरण्यांच्या मागे त्याचे डोंगर पडलेले असायचे.

पण काही करण्याआधी मी भास्कररावांकडे गेलो. लपून करायचं नव्हतं. नोकरी गेली असती तर राहती जागाही गेली असती, आणि मंदाला सातवा महिना होता. तरी गेलो.

"मी एक पेटी करतोय," मी म्हणालो. "मुंबईहून बर्फ आणायची. तुमच्या यादीतल्या बायांसाठी."

ते वर्तमानपत्र वाचत होते. ते त्यांनी खाली घेतलं. "माझा पगार घेऊन माझ्याच विरुद्ध?"

"पगार कामाच्या तासांचा आहे. ते तास मी तुम्हाला पुरे देतो. नंतरचे तास कुणाचे?"

त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"तुम्हीच सांगितलंत, आपले हात आणि आपला वेळ. तुमचा बर्फ, तुमची मर्जी. मी तुम्हाला तो द्या म्हणत नाही. माझी संध्याकाळ, माझी मर्जी."

"मी तुला काढू शकतो, सदाशिव."

"शकता. तेही तुमचं स्वातंत्र्य. ते मला मान्य आहे, म्हणून तर आधी सांगायला आलो."

ते उठून खिडकीपाशी गेले. 

"कारखान्याचा एक खिळासुद्धा वापरायचा नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही वापरणार."

"आणि इंजिनाकडे दुर्लक्ष झालं तर त्याच दिवशी बाहेर."

"कबूल."

बाहेर आलो. मनात एक गोष्ट नोंदली. त्यांनी आपलं तत्त्व मोडलं नाही. दुसरा असता तर मोडलं असतं.

पेटी बांधायला गोविंददादा मिळाला. हा खाडीवर होड्या बांधणारा सुतार. त्याला मी समजावलं की पेटीत दुसरी पेटी बसवायची, मध्ये चारी बाजूंनी पाच इंच जागा ठेवायची आणि तिच्यात तूस दाबायचं.

"म्हणजे होडीच्या पोटात होडी," तो म्हणाला.

"तसंच."

"पाणी बाहेरून आत येऊ द्यायचं नाही की आतून बाहेर जाऊ द्यायचं नाही?"

"दोन्ही."

"मग हे काम माझंच."

लाकूड सात जणींनी मिळून आणलं. काही जुन्या होडीचं, काही नवं. आतून पत्रा मी बसवला आणि सांध्यांना स्वतः डाग दिले. पहिली पेटी तयार झाली. गावातल्याच गिरणीमागचं तूस भरलं. पेटी रिकामी मुंबईला धाडली आणि बहिणीने ती बर्फाने भरून परत पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सात जणींच्या देखत झाकण उघडलं.

आत पाणी होतं. कोमट नव्हतं, एवढंच म्हणायचं.

 विश्वनाथचा माणूस जवळच उभा होता, तो मोठ्याने हसला. मी पेटीची एक फळी काढून तूस हातात घेतलं. ओलं होतं, आणि खाली दबून बसलं होतं. वर चांगलं वीतभर रिकामं. ओल्या तुसात हवा राहत नाही. ते नुसतं ओल्या फडक्यासारखं होतं, उष्णता सरळ आत नेतं. चूक माझी होती. समुद्राच्या वाऱ्यावर उघड्यात पडलेलं तूस मी न तपासता भरलं होतं.

"पुन्हा करायची," मी म्हणालो.

"करा," जमनाबाय म्हणाली. जणू पहिली पेटी फसलीच नव्हती.

कोरडं तूस हवं तर समुद्रापासून लांब जायला हवं होतं. सुट्टीच्या दिवशी मी एसटीने तलासरीला गेलो. तिथल्या गिरणीत तूस छपराखाली साठवलेलं होतं. गिरणीवाला गुजरातीत म्हणाला, न्या, जेवढं हवं तेवढं न्या, जागा तरी मोकळी होईल. कंडक्टर मात्र सहा पोती बघून दोन्ही हात आडवे करून दारात उभा राहिला.

"हे काय लग्नाचं सामान आहे?"

"बर्फ ठेवायला आहे."

"पोत्यात बर्फ?"

मी त्याला बसच्या पायरीवर उभं राहून सगळी पेटी समजावून सांगितली. त्याने पोती टपावर चढवू दिली. तिकिटं फाडताना पुढच्या प्रवाशाला तो तीच गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगत होता.

ह्या वेळी तूस आधी पत्र्यावर भाजल्यासारखं तापवून घेतलं. बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही लाकडांना डांबर लावलं. गोविंददादाने होडीच्या फटी भरतात तशा सगळ्या फटी कापूस आणि राळ घालून बंद केल्या. तूस थोडं थोडं टाकून दांड्याने ठोकत भरलं, म्हणजे नंतर बसणार नाही. तळाशी पाणी जायला वाकडी नळी लावली. वाकडी अशासाठी की तिच्या बाकात थोडं पाणी साचून राहतं आणि थंड हवा खालून निसटत नाही. मासळी वितळलेल्या पाण्यात बसू नये म्हणून तळाच्या वर फळ्यांची जाळी केली.

पेटी तयार झाली. बहिणीने गोणपाटात धाडलेला बर्फ वाटेत निम्मा उरला होता, तो आणि मासळी तिच्यात भरली, आणि रेल्वेने अडवली.

डहाणू रोड स्टेशनचे पार्सलबाबू नियमाचे पक्के. आमची पहिली पेटी गळली होती ते त्यांच्या लक्षात होतं. "ओलं पार्सल घेणार नाही," ते म्हणाले. "शेजारी घोलवडचे चिकू असतात. मासळीचं पाणी करंड्यांवर गेलं तर बागायतदार मला धरतील."

त्यांचं बरोबर होतं. जमनाबाय भांडायला पदर खोचत होती, मी तिला थांबवलं.

"बाबू, आज पाठवू नका. पेटी बर्फाने आणि मासळीने भरलेली आहे. नळीला बूच मारतो. खाली तुमचं वर्तमानपत्र पसरा आणि पुढची गाडी जाईपर्यंत राहू द्या. कागदाला एक थेंब लागला तर परत घेऊन जातो."

त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाच्या तिरिपीत मुद्दाम जागा दाखवली. आम्ही बसून राहिलो. एक गाडी गेली. दुसरी गेली. बाबूंनी चार हमालांकडून पेटी उचलवली आणि कागद हातात घेतला. बोटांनी चाचपला. मग त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला, कारण अजून वाचायचा होता.

"लेबल नीट लावा," ते म्हणाले.

अशी पेटी फिरायला लागली. इथून मासळी घेऊन जायची. मुंबईत बहीण ती रिकामी करून बर्फाने भरायची आणि परतीच्या गाडीने धाडायची. पहिल्यांदा ती भरून आली तेव्हा आम्ही ती मुद्दाम दुसऱ्या दिवसापर्यंत बंद ठेवली. दुपारी गोविंददादाने झाकण उचललं. आत बर्फ होता. कडा गोल झाल्या होत्या, एवढंच. जमनाबायने हात आत घातला आणि थंडीने चटकन बाहेर काढला. मग सातही जणींनी आळीपाळीने हात घालून बघितला. मी आयुष्यात ह्याहून कितीतरी मोठी मशिनरी उभी केली. पण तो क्षण आठवला की अजून छाती फुगते, आणि मी ती फुगू देतो.

खरी परीक्षा चार दिवसांनी झाली. होड्या ऐन दुपारी आल्या. पापलेट भरपूर होतं. माझी जेवणाची सुट्टी होती, म्हणून मी किनाऱ्यावर गेलो. विश्वनाथ नेहमीसारखा उशिरा आला. टोपलीत बोट घातलं आणि भाव म्हणाला.

जमनाबाय पेटीवर बसली होती.

"नाय देत," ती म्हणाली.

विश्वनाथने ऐकलं नाही असं केलं. तीच रक्कम पुन्हा म्हणाला.

"ऐकलं मी, शेट. नाय देत."

तिचा आवाज चढलेला नव्हता. भांडणाचा नव्हता, रडण्याचा नव्हता. दुकानात आपण साखर नको म्हणतो तसा होता. विश्वनाथ दुसरीकडे वळला. तीही नाही म्हणाली. मग तिसरी. तो छत्री उघडून पुळणीवर उभा राहिला. नेहमी ऊन त्याच्या बाजूने असायचं. आज त्याने वर बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्याला काय करावं ते सुचत नाहीये. बायांनी आपसात गप्पा सुरू केल्या. कुणीतरी पान काढलं.

अर्ध्या तासाने तो परत आला आणि भाव वाढवून म्हणाला. जमनाबायने विचार केला. निम्मी टोपली त्याला दिली. निम्मी पेटीत घातली.

"सगळी का नाय?" त्याने विचारलं.

"बहीण वाट बघते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी विश्वनाथ भास्कररावांकडे गेला. मी इंजिनला तेल घालत होतो, दार उघडं होतं, सगळं ऐकू आलं.

"भावोजी, त्या मिस्त्रीला काढा."

"का?"

"त्याच्यामुळे बाया डोक्यावर बसल्या."

"त्यांनी तुझी मासळी चोरली?"

"नाही."

"तुझ्या माणसाला मारलं?"

"नाही, पण—"

"मग बाजार आहे, विश्वनाथ. भाव पटला तर घे, नाहीतर सोड."

मी तेलाचा डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. माझ्या मालकाचा मला एवढा अभिमान त्याआधी वाटला नव्हता.

पुढे आठवडाभरात भास्करराव एका दुपारी एकटेच खाडीवर आले. पेटीभोवती फिरले. झाकण उघडून हात घातला. नळीचा बाक बघायला धोतर सावरून खाली वाकले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"ह्यांनी विचारलं, बर्फ का वितळतो," मी जमनाबायकडे बोट दाखवलं.

ते तिच्याकडे वळले. "उद्यापासून कारखान्यातून बर्फ न्या. मुंबईपेक्षा जवळ आहे."

"भाव काय?" तिने विचारलं.

ते हसले. "तुम्हाला पटेल तो. नाहीतर मुंबई आहेच तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी बाकावर त्यांनी मला बसवलं. "मी हरलो असं समजू नकोस. माझं तत्त्व बरोबरच होतं."

"बरोबरच होतं," मी म्हणालो. "फक्त पेटी नव्हती तोवर ते तुमच्या एकट्याच्या उपयोगाचं होतं. आता त्यांच्याही."

 त्यावर ते म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही." त्यांच्याकडून ही मोठी पावती होती.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पुरी होणार नाही. पेटीला दोन महिने झाले. एक दिवस आठवी बाई माझ्याकडे आली. देवकी. ती त्या सात जणींत नव्हती. तिला पेटीत एक टोपलीभर जागा हवी होती, आणि ती मिळाली नव्हती. मी जमनाबायला विचारलं.

"ती त्या वेळी विश्वनाथशेटच्या बाजूने होती," ती म्हणाली. "लाकूड आमी आणलं. पेटी आमची. कुणाला घ्यायचं ते आमी बघू."

ही भाषा मी कारखान्यात ऐकली होती.  तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने मान खाली घातली. पण शब्द मागे घेतले नाहीत, आणि मीही तिला ते घ्यायला लावले नाहीत. पेटी त्यांची होती हे खरंच होतं.

त्या संध्याकाळी मी एका मोठ्या कागदावर पेटीचं ड्रॉइंग काढलं. मापं, फटी, नळीचा बाक, तूस किती आणि कसं भरायचं, पहिली पेटी का फसली, सगळं. ते गोविंददादाच्या मांडवात खांबाला ठोकलं.

"ज्याला हवी त्याला बांधून दे," मी त्याला म्हणालो. "कुणाला नाही म्हणू नको."

"मी कशाला नाही म्हणतो? मला मजुरी मिळते," तो म्हणाला.

देवकीची पेटी दोन आठवड्यांत झाली. जमनाबायने ती बघितली आणि बुचाला दोरी बांध, नाहीतर हरवतं, एवढं सांगून गेली. पुढच्या दोन मोसमांत किनाऱ्यावर इतक्या पेट्या झाल्या की मला कोणती कुणाची ते ओळखेना. विश्वनाथ व्यापार करतच राहिला, पण वेळेवर येऊ लागला. आमच्या कारखान्याला बर्फ पुरेना म्हणून भास्कररावांनी दुसरी टाकी बांधली. तिच्या परमिटसाठी पुन्हा कचेऱ्यांत खेटे घातले आणि पुन्हा मला बाकावर बसवून दिल्लीला शिव्या घातल्या. मी मनापासून ऐकल्या.

सात वर्षांनी मला मोठ्या कोल्ड स्टोरेजमधून बोलावणं आलं. मी ते भास्कररावांना सांगितलं. त्यांनी न मागता पगार वाढवून देऊ केला. माझ्याकडे दुसरी नोकरी नसती तर त्यांना ते सुचलं असतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मी गेलो आणि आमची मैत्री राहिली.

स्वातंत्र्यावर मला भाषण करता येत नाही. मशीनवर काम केलेला माणूस चाचणी घेतो, आणि माझी चाचणी साधी आहे. सौद्यात माणूस हो म्हणाला तर तो मोकळा आहे की नाही हे समजत नाही. तो नाही म्हणाला, आणि तरी त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली, तर समजावं की तो मोकळा आहे.